खुर्च्या वाढवण्याआधी रूळ मोजा

मराठवाड्यात तीस-चाळीस हजार प्रेक्षक बसतील असे मोठे स्टेडियम व्हावे, ही मागणी आता क्रिकेटच्या चाहत्यांबरोबरच फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांकडूनही ऐकू येते, आणि ती रास्त आहे. सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक 2017 साली भारतात आला, तेव्हा राज्य सरकारने 15 सप्टेंबर रोजी महाराष्ट्रभरातील शाळांच्या मैदानांवर मुलांच्या पायाशी फुटबॉल आणून दिला. त्या दिवशी चेंडूला पहिल्यांदा पाय लावलेली मुले आज वीस-बावीस वर्षांची आहेत. चांगला सामना डोळ्यांदेखत पाहायचा तर मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावे, ही त्यांच्यावरची सक्ती किती वर्षे चालू ठेवायची, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यामुळे स्टेडियमला विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, स्टेडियममध्ये किती खुर्च्या असाव्यात हे वास्तुविशारदाने किंवा घोषणा करणाऱ्या पुढाऱ्याने ठरवण्याआधी, सामना संपल्यावर जवळच्या रेल्वेस्थानकातून तासाभरात किती माणसे घरी जाऊ शकतील याचा हिशेब मांडला जावा, आणि खुर्च्यांचा आकडा त्या हिशेबातून यावा.

गर्दी आपल्याला नवी नाही. तुळजापूरचे नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, नांदेडमध्ये 2008 साली झालेला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा, अशा प्रसंगी मराठवाड्याने लाखोंची गर्दी सांभाळली आहे. म्हणून ‘तीस हजारांचे काय एवढे’ असे कुणी म्हटले तर ते वरवर पटण्यासारखे आहे. मात्र यात्रेची गर्दी आणि फुटबॉलची गर्दी यांच्या स्वभावात मूलभूत फरक आहे. यात्रेकरू दोन-चार दिवसांत विखरून येतात आणि विखरून जातात. कुणी पहाटे दर्शन घेऊन निघतो, कुणी मुक्काम करतो, कुणी मंदिराच्या पायरीवर गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहतो. फुटबॉलचा सामना मात्र पंचाच्या एका शिट्टीने संपतो आणि मैदानातला प्रत्येक माणूस त्याच क्षणी उठतो. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जी ‘ग्रीन गाइड’ नावाची मार्गदर्शिका वापरली जाते, तिच्यानुसार स्टँडमधील प्रेक्षकांना जास्तीत जास्त आठ मिनिटांत बाहेरच्या मोकळ्या वाटेवर पोहोचता आले पाहिजे. ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर 2 जानेवारी 1971 रोजी सामना संपताना एका जिन्यावर 66 जणांचा चेंगरून मृत्यू झाला, त्यानंतर दोन वर्षांनी ही मार्गदर्शिका पहिल्यांदा निघाली. म्हणजे चांगले स्टेडियम ते, जे आपली सगळी माणसे काही मिनिटांत बाहेर सोडते. ती बाहेर पडलेली माणसे कुठे जातात, याची जबाबदारी मात्र स्टेडियमच्या भिंतीपाशी संपते, आणि पुढचा सगळा भार रस्त्यावर व स्थानकावर येऊन पडतो.

हा भार पेलणे रेल्वेचे जाळे दाट असलेल्या देशांनाही सोपे गेलेले नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील एव्हर्टन हा क्लब सुमारे 39 हजार क्षमतेच्या गुडिसन पार्कवरून 2025 साली नदीकाठच्या गोदीत बांधलेल्या, 52 हजारांहून अधिक क्षमतेच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. नव्या मैदानाला सर्वांत जवळचे रेल्वेस्थानक सँडहिल्स. त्याला एकच फलाट असून दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. गाड्यांची वारंवारता आपल्याला हेवा वाटावा अशी आहे. तरीही सामन्यानंतर फलाटावर एका वेळी किती माणसांना जाऊ द्यायचे याला मर्यादा असल्यामुळे स्थानकाबाहेर कठडे घालून रांगांची जागा तयार करावी लागली. त्याच शहरातील ॲनफिल्ड हे लिव्हरपूल क्लबचे मैदान स्टँडवर स्टँड चढवत आता सुमारे 61 हजारांवर पोहोचले आहे, पण त्याच्या दारात रेल्वेस्थानक नाही. गाडीने येणाऱ्याला सँडहिल्सलाच उतरून पुढे बस धरावी लागते. मैदानापासून फार दूर नसलेल्या मालगाड्यांच्या मार्गावर प्रवासी स्थानक करावे ही तिथली मागणी जुनी आहे, पण ती अजून मागणीच आहे. खुर्च्या वाढत गेल्या आणि स्थानक आले नाही.

मँचेस्टरची गोष्ट अधिक बोलकी आहे. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या एका स्टँडला अगदी लागून 1935 पासूनचा रेल्वेचा थांबा आहे, केवळ सामन्यांसाठी केलेला. गेली काही वर्षे सामन्याच्या दिवशीही तिथे गाड्या थांबत नाहीत. शहराच्या मध्यातून जाणारा कॅसलफिल्डचा दोनच रुळांचा पट्टा प्रवासी आणि माल अशा दोन्ही गाड्यांनी इतका भरलेला आहे, की 2019 साली तेथील रेल्वे यंत्रणेने तो अधिकृतपणे ‘क्षमता संपलेला मार्ग’ म्हणून जाहीर केला. आता क्लबने मार्च 2025 मध्ये एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमचा आराखडा मांडला आहे, आणि त्या आराखड्याचे भवितव्य मोठ्या प्रमाणात शेजारचे मालगाड्यांचे टर्मिनल दुसरीकडे हलवण्यावर अवलंबून आहे. जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एक असलेल्या संस्थेला सुद्धा आधी रुळांशी बोलणी करावी लागत आहेत, यातून आपण घ्यायचे ते घेतले पाहिजे.

भारतात कोलकात्याचा अनुभव आहेच. सॉल्ट लेक स्टेडियम 1984 साली उभे राहिले. एके काळी तिथे लाखाहून अधिक माणसे बसत. त्याच्या नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाले फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे मैदानाच्या जन्मानंतर 36 वर्षांनी. आणि 4 जून 2025 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जणांचा चेंगराचेंगरीत बळी गेला, तेव्हा गर्दी आवरेना म्हणून जवळच्या मेट्रो स्थानकांवर गाड्या न थांबवता पुढे न्याव्या लागल्या. मेट्रो असलेल्या शहरात ही वेळ आली.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाड्याच्या मध्यातून जाणारा मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीटरगेजने टाकला गेला. त्यातील मनमाड-परभणी भागाचे रुंदीकरण नव्वदच्या दशकात झाले, विद्युतीकरण अगदी अलीकडे. परभणी ते मुदखेड हा तुकडा दुहेरी झाला आहे. मनमाडजवळच्या अंकाईपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या दुहेरीकरणाचे काम हाती आहे, आणि छत्रपती संभाजीनगर ते परभणी या सुमारे 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली. याचा अर्थ असा की, ज्या पट्ट्यात मोठे स्टेडियम होण्याची सर्वाधिक शक्यता आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, चिकलठाणा, शेंद्रा-करमाड आणि जालना, त्या पट्ट्यात रेल्वे आजही एकेरी रुळावर चालते. ‘गाडी क्रॉसिंगला पडली’ हे वाक्य इथल्या प्रत्येक प्रवाशाला पाठ आहे. समोरून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस येणार असेल, तर आपली पॅसेंजर कुठल्या तरी लहान स्थानकात उभी राहते आणि किती वेळ उभी राहील हे स्टेशनमास्तरलाही नेमके सांगता येत नाही.

हिशेब मांडू. दोन क्रॉसिंग स्थानकांमधले अंतर दहा किलोमीटर धरले आणि गाडीचा सरासरी वेग ताशी पन्नास किलोमीटर धरला, तर एका गाडीला तो टप्पा पार करायला बारा मिनिटे लागतात. लाइन क्लिअर म्हणजे पुढच्या स्थानकाची परवानगी मिळणे, सांधे बदलणे, गाडीने वेग घेणे यासाठी आणखी तीन मिनिटे धरली, तर त्या टप्प्यातून दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे ताशी चार गाड्या जातात. दोन येणाऱ्या आणि दोन जाणाऱ्या. आठ डब्यांच्या नव्या मेमू, म्हणजे जवळच्या अंतरासाठीच्या विजेवरच्या गाडीत बसून आणि दाटीने उभे राहून सुमारे 2400 माणसे मावतात. पण रात्रीच्या वेळी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि मुलाबाळांसह, सुरक्षितपणे न्यायची माणसे दीड हजारांच्या पुढे धरू नयेत. म्हणजे एका दिशेला ताशी तीन हजार. तीस हजारांच्या स्टेडियममधले एक तृतीयांश प्रेक्षक रेल्वेने आले, त्यांतले सात हजार संभाजीनगरच्या दिशेचे आणि तीन हजार जालना-परभणीच्या दिशेचे, असे मानले तर शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या माणसाला गाडी मिळायला दोन तासांहून अधिक वेळ लागेल. तेही सगळ्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्या काळात रोखून धरल्या, रिकामे रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे संच, वेळेवर आणून उभे केले आणि कुठेही काही बिघडले नाही, तर. सामना रात्री साडेनऊला संपला असेल, तर हा माणूस मध्यरात्री फलाटावर असेल.

हाच हिशेब उलटा केला, तर उत्तर मिळते. एका तासात तीन हजार माणसे शहराच्या दिशेला नेता येतात, म्हणजे त्याच प्रमाणात साधारण बारा-तेरा हजारांचे मैदान आजच्या एकेरी रुळाला, नीट नियोजन केल्यास, झेपू शकते. मार्ग दुहेरी झाला की समोरच्या गाडीची वाट पाहणे संपते, एका दिशेला ताशी चार गाड्या काढणे शक्य होते आणि क्षमता दुप्पट होऊन पंचवीस हजारांपर्यंतचा विचार करता येतो. त्यापुढे जायचे तर स्वयंचलित सिग्नल, जादा मार्गिका आणि स्थानकात रेक उभे करण्याची जागा लागेल. हे आकडे ढोबळ आहेत आणि रेल्वेचे अभियंते ते नेमके करतील. हिशेबाची दिशा मात्र हीच असली पाहिजे. आधी बारा हजार खुर्च्या, पायाभरणी पुढच्या स्टँडचा भार घेईल अशी, आणि दुसरा स्टँड दुहेरी मार्गावर गाड्या धावू लागल्यावरच, असे बंधन परवानगीच्या कागदावर लिहिलेले हवे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो मी गांभीर्याने घेतो. मराठवाड्यात रेल्वेची वाट पाहत बसणाऱ्याचे केस पांढरे होतात. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीडला पहिली प्रवासी गाडी निघाली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. मधल्या तीस वर्षांत बीडमध्ये एक पिढी शिकून, नोकरीला लागून, शहरात स्थलांतरित झाली. अशा प्रदेशाला ‘आधी रूळ, मग स्टेडियम’ असे सांगणे म्हणजे ‘स्टेडियम नाहीच’ असे सांगणे होईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी थांबा असे म्हणत नाही. पहिला टप्पा आजच्या रुळाच्या क्षमतेत बसवून लगेच सुरू करावा आणि विस्ताराची कडी रेल्वेच्या कामाशी जोडावी, असे म्हणतो. तसे झाले तर उलट रेल्वेच्या कामामागे एक नवा रेटा उभा राहील, कारण दुहेरीकरण रखडले की स्टेडियमचा स्टँड रखडेल आणि त्याचा जाब लोक लोकप्रतिनिधींना विचारतील.

दुसरा आक्षेप समृद्धी महामार्गाचा. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 पासून पूर्ण खुला झाला, तो संभाजीनगर आणि जालन्याजवळून जातो, मग एखाद्या इंटरचेंजजवळ प्रशस्त जागा घेऊन मैदान बांधले तर रेल्वेची गरजच काय, असे विचारले जाते. या सूचनेतला अन्याय मोठा आहे. समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही. मराठवाड्यातल्या तरुणाच्या हाती असलेले वाहन हे मोटारसायकल आहे, आणि ज्याच्याकडे तीही नाही तो लालपरी किंवा काळी-पिवळीच्या भरवशावर आहे. इंटरचेंजच्या कडेला बांधलेले स्टेडियम चारचाकीवाल्यांचे स्टेडियम होईल. शिवाय तीस हजारांपैकी निम्मी माणसे तीन-तीन करून मोटारीने आली, तरी पाच हजार मोटारी एका फाट्यावर एकाच वेळी बाहेर पडतील. त्या मोटारींना उभे राहायला लागणारी जमीन मैदानापेक्षा कितीतरी अधिक असेल, आणि ती कुणाच्या तरी शेतातून येणार आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलींची. बदनापूरच्या, सेलूच्या किंवा परतूरच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला तिचे आईवडील रात्रीचा सामना पाहायला पाठवतील का, याचे उत्तर सामना किती चांगला आहे यावर ठरत नाही. परतीची गाडी किती वाजता आहे, ती नक्की सुटते का, डब्यात महिलांची सोय आहे का आणि स्थानकाबाहेर उजेड आहे का, यावर ते ठरते. दोन तास फलाटावर उभे राहण्याची वेळ येणार असेल, तर पहिली अनुपस्थिती मुलींची असेल, दुसरी म्हाताऱ्यांची, तिसरी ज्याला सकाळच्या पाळीला कामावर जायचे आहे त्या कामगाराची. खुर्च्या वाढवून आपण कुणाला आत घेतले आणि परतीची गाडी न देऊन कुणाला बाहेर ठेवले, हा हिशेब स्टेडियमच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर कधीच छापला जात नाही.

रेल्वेच्या बाजूनेही एक रास्त प्रश्न येऊ शकतो: वर्षातून पंधरा-वीस रात्रींसाठी आम्ही फलाट का लांबवावेत, रेक का अडकवून ठेवावेत? त्याचे उत्तर असे की, ही गाडी त्या पंधरा रात्रींपुरती मागायचीच नाही. जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे साठ किलोमीटरचे. चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत, जालन्याच्या स्टील कारखान्यांत, दोन्ही शहरांतल्या महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत रोज ये-जा करणारी माणसे या मार्गावर भरपूर आहेत. त्यांना सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी धावणारी मेमू लोकल हवी आहे. ती रोज चालू लागली, की सामन्याच्या दिवशी त्याच गाड्यांच्या जादा फेऱ्या काढता येतात. रोजची गाडी नसताना सामन्यासाठी ‘विशेष गाडी’ सोडणे हे खर्चाचे, बेभरवशाचे आणि लवकर विसरले जाणारे काम आहे. ज्या फलाटावर रोज हजारो माणसे चढतात-उतरतात, तिथले पोलीस, तिकीट कर्मचारी आणि उद्घोषक गर्दी ओळखतात. ज्या थांब्यावर वर्षातून पंधरा वेळा गर्दी होते, तिथे ती प्रत्येक वेळी नव्यानेच आल्यासारखी होते.

तिकिटाबाबत जर्मनीने केलेली सोय आपण सहज उचलावी. तिथे बहुतेक मोठ्या क्लबांच्या सामन्याचे तिकीट त्या दिवशी स्थानिक गाड्या आणि बसलाही चालते. प्रवासाचे पैसे तिकिटातच धरलेले असतात आणि आयोजक ते वाहतूक संस्थेला देतात. त्यामुळे सामन्यानंतर तिकीट खिडकीवर रांग लागत नाही, किती माणसे गाडीने येणार याचा अंदाज आधीच येतो आणि वाहतूक संस्थेला गाड्या वाढवायला पैसाही मिळतो. आपल्याकडे एसटी महामंडळ आणि रेल्वे यांच्याशी असा करार करणे कठीण असू नये.

खरी अडचण आहे ती वेगवेगळ्या दारांची. क्रीडासंकुल राज्याच्या क्रीडा विभागाचे, जमीन महापालिकेची, सिडकोची किंवा एमआयडीसीची, रस्ता बांधकाम खात्याचा, आणि रेल्वे केंद्राची. त्यातही नांदेड विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आणि लातूर, धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम कुणाचेच नसते, म्हणून ते होत नाही. पण ठरवले तर होते, हे लातूरने 2016 च्या दुष्काळात पाहिले आहे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. ती येण्यासाठी जलवाहिनी, पंप, वाघिणींची सफाई, मिरज व लातूर स्थानकांतली भरण्या-उतरवण्याची सोय आणि दोन जिल्ह्यांची प्रशासने हे सगळे काही दिवसांत एकत्र आले. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचे मान्य केले, म्हणजे राज्याचा पैसा रेल्वेच्या कामात घालण्याचा मार्गही आपल्याला माहीत आहे. स्टेडियमच्या अंदाजपत्रकात जवळच्या स्थानकाचा फलाट, दोन रुंद पादचारी पूल आणि स्थानकापासून मैदानापर्यंतची उजेडाची, गाड्यांना बंदी असलेली वाट यांचा खर्च धरलाच नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजून परत पाठवावे.

वेळेचा मुद्दा इथेच येतो. छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाचे काम एकदा उभे राहिले, की कुठल्या स्थानकात किती मार्गिका, फलाट केवढे लांब, पूल किती रुंद, हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी ठरून जाईल. त्यामुळे मराठवाड्यात मोठे मैदान हवे असणाऱ्या क्रीडा संघटनांनी, पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपले पहिले निवेदन क्रीडामंत्र्यांइतकेच दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाला द्यायला हवे. चिकलठाणा ते करमाड या पट्ट्यातील एका स्थानकात बारा डब्यांचे दोन लांब फलाट, रेक उभा करण्यासाठी एक जादा मार्गिका आणि जालना-संभाजीनगर मेमूच्या रोजच्या फेऱ्या, ही त्या निवेदनातली पहिली तीन कलमे असावीत, आणि खुर्च्यांचा आकडा त्यांच्या उत्तरानंतर लिहावा.